परमात्मा, दुसरी पाळी

भैरू देसूरकर माझ्या संध्याकाळच्या वर्गात
शेवटच्या बाकावर असतो, आणि पाळी असली की नसतो.
नसतो तेव्हा मीम पाठवतो.

पहिलं आलं ते असं:
काकतीच्या अलीकडे, हायवेवर, उडती तबकडी उतरलेली,
एक हिरवा प्राणी पाटी वाचतोय.
वरच्या ओळीला डांबर फासलेलं, खालच्या ओळीलाही,
मधे शाबूत फक्त बाण.
खाली भैरूचं वाक्य:
"बाण कुठल्या भाषेत आहे, ते आधी सांगा."

मी फळ्यावर लिहिलं: चिन्ह, अर्थ, सत्ता.
म्हटलं, पाटी रस्ता दाखवत नाही,
रस्ता कुणाचा ते दाखवते;
हा परग्रहावरचा पाहुणा हसवतो
कारण अजून तो कुठल्याच बाजूचा नाही.
पोरं वहीत उतरवत होती.
राजश्री हलगेकर म्हणाली, "तो खाली उतरला की लगेच
बाजू देतेत त्याला, मॅडम. रेशनकार्डाच्या आधी."

दुसऱ्यात कालयंत्र.
दिसतं वडगावच्या मागासारखं,
भैरूच्या आजोळी तसला माग होता, त्यानं फोटोच चिकटवलाय.
चालक विचारतो, कुठलं साल?
म्हातारा म्हणतो, छप्पन्न.
"छप्पन्नवाल्यांची रांग तिकडं. गणेशपूरच्या पुढं गेलीय."

यावर मी दीड तास बोलले.
आठवणीचा माल कसा होतो,
भूतकाळाची तिकिटं कोण छापतं, काळ्या बाजारात कोण विकतं.
बोलता बोलता दिसलं, त्या रांगेत माझे वडील
डबा घेऊन उभे आहेत, पुढच्याला जागा धरायला सांगतायत.
टिपणात ते नाही.

तिसरं छोटं.
"सेकंदाला तीन लाख किलोमीटर," यान म्हणतं,
"निकालाआधी पोचतो."
पोचतं.
पुढची तारीख पडलेली असते.

हसू ही झडप आहे, मी म्हणाले,
वाफ निघून जाते, भांडं तसंच राहतं.
भैरू त्या दिवशी होता. हात वर न करताच:
"शिट्टी झाल्याबिगर कोण कुकर उघडतंय काय ओ?"

मला उत्तर सुचलं नाही.

उद्यमबागेत तो लेथवर विमानाच्या कड्या कापतो.
कुठल्या विमानाच्या? काय की.
मायक्रॉनची चूक चालत नाही,
खोक्यावर आकडा असतो, गावाचं नाव नसतं.
कडी आभाळात जाते, भैरू देसूरच्या टेंपोत.
रात्री मी त्याला लिहायला घेतलं, यालाच परात्मता म्हणतात,
आपल्याच हातचं आपल्याला परकं होणं.
फोननं शब्द सुधारला,
बोट चुकलं, वर्गाच्या ग्रुपवर गेलं:
"भैरू, तू जे भोगतोयस त्याला परमात्मा म्हणतात."
एकोणतीस जणांनी हात जोडले.
कुणीतरी विचारलं, कुंदा कधी वाटायचा?

सकाळी मीम तयार.
हिरवा प्राणी, अंगात तेलकट निळा शर्ट,
डोक्यामागे तेजोवलय म्हणून ती कडी,
त्याचीच, मायक्रॉनपर्यंत नेमकी.
"परमात्मा. दुसरी पाळी. ओव्हरटाइम वेगळा."
कोपऱ्यात फळा, फळ्यापुढे मी,
चष्मा, खडू, आणि तोंडातून निघालेला फुगा.
फुग्यात अक्षर एकही नाही.
नुसता बाण.

मी हसले, सिटीबसमध्ये, एकटीच, मोठ्यानं.
चिन्ह वगैरे नंतर आलं, खूप नंतर, गोगट्यांच्या सर्कलपाशी.
कंडक्टर म्हणाला, "एनायतु री?"
मी फोन त्याच्याकडे वळवला.
त्याला मराठी वाचता येत नव्हतं.
बघत राहिला, मग तोही हसला,
कशाला, ते मी विचारलं नाही,
आणि शून्य रुपयांचं तिकीट काढून
त्यानं माझ्या हातात दिलं.