असं पार्टिशन नाही

शारजा, रोला चौकामागे, तिसरा मजला.
रात्रीचे पावणेदोन, एसीखालची बादली भरत आलेली.
मुकादमांचा अश्फाक लॅपटॉप मांडीवर घेऊन :
"मी फक्त विंडोज पुसलं रे. आता उठतच नाही."

काळ्या पडद्यावर एकच ओळ.
असं पार्टिशन अस्तित्वात नाही.

मी हसलो. तो नाही.
गेल्या मंगळवारी बलदियाची माणसं आली,
प्लायवूड पाडून गेली.
आता सहा खाटा एकमेकींकडे बघतात
आणि टेकाळेचं घोरणं सगळ्यांचं झालंय.

पेनड्राइव्ह लावून आत शिरलो.
कप्पे उघडत गेलो, रिकामे, रिकामे,
आणि पाचव्यात त्याचं घर :
पगाराच्या पावत्या, मुलीचा दात पडला तो फोटो,
सगळं जागच्या जागी.
कालपर्यंत सहावा होता, पुसापुशीत पाचवा झाला,
बूटलोडर बिचारा
जुन्याच नंबरचं दार वाजवत उभा.

नवा नंबर लिहून दिला. रीस्टार्ट.
उठलं.

अश्फाकनं खाटेभोवती दोरी बांधली,
चादर टाकली, आत गेला.
चादरीवर निळा उजेड.
थोड्या वेळानं आतून :
"चित्र दिसतंय, आवाज नाही येत."

ड्रायव्हर, म्हटलं. उद्या.