पटावर अकरा

जांबोटी सोडली की डांबर संपतं,
तिथून घर क्रमांक एक.
टॅब सरकारचा, चार्जर माझा,
चढ ज्याचा त्याचा.

जन्मसाल?
यल्लूबाई म्हणते, "खालचा साकव व्हावून गेला
तवा मी रांगत होतो."
यंत्राला चार आकडे लागतात.
साकवाला विचारायची सोय नाही,
म्हणून लिहितो एकोणीसशे साठ.
ह्या गावात म्हातारी माणसं
साठ असतात, पासष्ट असतात, सत्तर असतात.
एकसष्ट वर्षांचं कोणी
अजून जन्मालाच आलेलं नाही.

काम?
"कसलं काम, घरातच असतो की."
बोलता बोलता काजू फोडतेय.
तेलानं बोटं कोळशासारखी.
अंगठा टेकवला. यंत्र म्हणतं: जुळत नाही.
पुन्हा टेकवला. जुळत नाही.
कामानं पुसलेला अंगठा,
आणि रकान्यात: काम करत नाही.

मातृभाषा?
"गुरांशी मराठी. खानापूरच्या बाजारात कानडी.
आई निजवायची ती कोंकणीत.
तुला कुठली पायजे, मास्तर?"
एकच गोल हिरवा होतो.
ह्याच गोलावरून बेळगावात
मिरवणुका निघतात, कलमं लागतात.
ती पुढचा काजू घेते.
मी बोट ठेवतो. कुठं, ते सांगत नाही.

आणि मी तरी कोणाला हसू?
माझ्या शाळेच्या पटावर अकरा आहेत,
चटईवर नऊ.
मष्णू आणि सातेरी, दोघं घाडींचे,
दिवाळीनंतर बापासंगं गोव्याला गेले,
साखळीत बांधकामावर.
दहाच्या खाली आलो तर शाळा जाते ओढ्यापल्याड,
म्हणून रोज त्यांच्यापुढं
मी एक बारीक 'ह' काढतो.
दोघांच्या वाटचा बिसिऊट
यल्लूबाईची नातवंडं खातात,
ज्यांचं वय अजून कुठल्याच रकान्यात बसत नाही.
मला वाटायचं,
खोटं लिहून का होईना, हिशेब जुळला.

मग आषाढात पत्र आलं. कानडीत. तीन शिक्के.
हंगामी वसतिगृहासाठी अर्ज मीच केला होता,
बाप गेले तरी पोरं गावात राहावीत म्हणून.
तालुक्यानं माझी माहिती बेरजेत घेतली,
जिल्ह्यानं तालुक्याची,
आणि बेंगळुरूत कोणा प्रामाणिक माणसानं
ती प्रामाणिकपणे वाचली:
स्थलांतर शून्य. गळती शून्य.
सबब, गरज दिसून येत नाही.

दोनदा वाचलं.
बेरजेत चूक नव्हती.

आज घर क्रमांक चौदा. घाडींचं. कुलूप.
फटीतून उपडी घागर दिसते,
भिंतीवर खडूनं काढलेला बे चा पाढा,
बे साती पर्यंत.
यंत्र विचारतं: नेहमी राहणारे किती?
नेहमी म्हणजे काय, ते
सूचनापुस्तिकेत दिलेलं आहे, मला पाठ आहे.
तरी बोट वर धरून
मी बराच वेळ उभा राहतो.
स्क्रीन आपोआप काळा होतो,
त्यात माझं तोंड.

दुसऱ्या दिवशी हजेरी.
मष्णू रुक्माण्णा घाडी, मी वाचतो.
"हजर," मागून कोणीतरी म्हणतं,
सवयीनं.
मी वर बघत नाही.