तीन मिनिटांच्या आतलं

फीडर सतरा, मानखुर्द.
गेली : दोन वाजून बेचाळीस.
आली : तीन वाजून एकोणीस.
कारण : उंदीर.

रोज हेच लिहितो मी.
मिनिटांना माणसांनी गुणतो, खाली बेरीज ओढतो,
एकूण ग्राहकांनी भागतो.
वर्षाकाठी दरडोई किती अंधार,
दशांश चिन्हापुढे दोन घरं.
तो आकडा राज्याच्या आकड्यात विरघळतो,
राज्याचा देशाच्या,
आणि देश एका ओळीत स्वतःची नाडी बघतो :
बरी आहे. सुधारतेय.

मुंबईचं तर विचारूच नका.
तक्त्यात आमचा रकाना सगळ्यात गोरा.
आतल्या जिल्ह्यातले इंजिनियर फोनवर म्हणतात,
तुमचं बरंय बुवा, तुमच्याकडे जातच नाही.
मीही हसतो. जणू मीच धरून ठेवलीय.

श्रावणात कधीतरी इद्रीसमियाँ वही घेऊन आले.
बैगनवाडीत त्यांचं भरतकामाचं यंत्र,
बारा सुयांचं, हप्त्यावरचं.
वही शाळेची, शंभर पानी,
आत नुसत्या उभ्या रेघा. पानंच्या पानं.
"ही चाळीस सेकंदांची. ही दहाची.
ही तर डोळा लवला तेवढ्यात परत आली.
पण सुई कुठं होती ते यंत्र विसरतं, साहेब.
मोराला मान राहत नाही.
तसा मोर कोण विकत घेणार?"

मी नियमाचं पान काढून दाखवलं.
तीन मिनिटांच्या आत आली
तर ती गेलीच नव्हती.

चष्मा कपाळावर चढवून
बराच वेळ त्यांनी ते पान जवळ धरलं.
मग म्हणाले, "ज्यानं लिहिलंय त्याच्याकडे मोर नसणार."
चहा आला होता, घेतला नाही.
वही टेबलावरच राहिली.

मी पत्ता टाकून ग्राहक क्रमांक शोधला.
नाही.
मीटर शेजारच्या घरमालकाचं,
तिथून खिडकीतून आत आलेली वायर,
महिन्याला रोख काहीतरी.
म्हणजे इद्रीसमियाँ अंशात नाहीत
आणि छेदातही नाहीत.
चाळीस सेकंदांचं सोडा,
त्यांची चाळीस तास गेली
तरी माझा भागाकार निःशेष.

त्या रात्री मुलुंडला, घरी,
फ्रिजचा घरघराट मधेच थांबला.
मी अंथरुणात मोजायला लागलो.
एक. दोन. तीन.
अकराला फ्रिज दचकून सुरू झाला.
शैला कूस बदलत म्हणाली, काय पुटपुटताय?
काही नाही म्हटलं.
कार्यालयीन भाषेत ते खरंही होतं.

मार्चअखेरी अहवाल गेला. शाबासकीचं पत्र आलं.
पुढच्या शनिवारी मी वही घेऊन बैगनवाडीत गेलो.
गल्ली विचारत, गटारावरच्या फळ्यांवरून,
माळ्यावर चढणाऱ्या लोखंडी शिडीनं.
वर यंत्र चालू. बारा सुया एकसाथ,
पावलाखालची फळी थरथरत होती.
बोलायची सोय नव्हती.
इद्रीसमियाँनी हातानंच बस म्हटलं.
हिरव्या कापडावर बारा मोर
एकाच वेळी गळ्यापर्यंत आले होते.

आणि गेली.

कुणी काही बोललं नाही.
खालच्या गल्लीतही नाही, सवयीची शांतता ती.
बारा सुया हवेत.
पंख्याचं पातं हळू होत होत मोजण्याइतकं झालं.
माझं मनगट आपोआप वर आलं,
मी सेकंदकाटा पाहू लागलो.
नोकरीच ती.

कोपऱ्यात धागे कापत बसलेली त्यांची नात,
नऊ-दहा वर्षांची असेल, 
कानामागची पेन्सिल काढत उठली
आणि माझ्यापुढे हात केला,
वहीसाठी.