थांबा: १९ मिनिटे

क्लाइपेदातल्या तीन इस्पितळांची धुलाई
बंदरामागच्या एकाच शेडमध्ये होते.
तिथलं जुनं वेळापत्रक नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायला
मी कौनासहून आले, तीन आठवड्यांच्या बोलीवर.

पडद्यावर सगळं चौकटींनी मांडलेलं:
कपडे आले, मोजले, रक्ताचे वेगळे काढले,
धुतले, पिळले, इस्त्री, घडी, गाडी.
चौकटीतून चौकटीत बाण,
बाणांच्या वाटेनं चादरी,
आणि चादरींमागे, कुठल्याच चौकटीत नसलेली,
रात्रभर कण्हलेली माणसं.

पिळणी आणि इस्त्री यांच्या मधे
एक चौकट उगीच उभी.
थांबा: १९ मिनिटे. फक्त सकाळची पाळी.
कारण: कोरं.
करणारा: झेड.

नव्या सॉफ्टवेअरला कोरं कारण खपत नाही.
लाल होऊन बसलं.
वर्षाला एकशे पंधरा तास वाया,
असं न विचारता सांगून मोकळं झालं.

मी विचारत फिरले.
बॉयलरवाला म्हणाला, वाफ चढायला लागत असतील.
पाहिलं, तर दाब पाचलाच चढलेला.
व्यवस्थापक रिमगाउदास म्हणाले, युरोपचा काही नियम असेल.
नियम सापडला नाही.
इस्त्रीवरची दांगुओले म्हणाली, असतंच ते,
आणि कॉफीत साखर ढवळत राहिली.

काढून टाकली चौकट. एक टिचकी.
दुसऱ्या दिवशी पाच एक्केचाळीसला
रूळ फिरू लागले,
ओल्या चादरी येऊन पडल्या एकीवर एक,
आणि सहा बाया पलीकडे खिडकीशी
कप धरून उभ्या, खाडीकडे तोंड करून.
आळशी नव्हत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं
की वेळ आता आधी सुरू होते.
खरं तर मीच सांगायचं होतं.

जुन्या माहितीपुस्तिकेच्या मलपृष्ठावर
पेन्सिलीनं एक नंबर होता.
झेनोनास. एका कानानं बहिरा.
तीनदा सांगितल्यावर कुठली चौकट ते कळलं.

“अगं, ती ब्रोनेची!
ब्रोने पलीकडे वाळूच्या पट्टीवर राहायची.
पहिली बोट धुक्यात रेंगाळायची,
आणि ती पोचायच्या आत इस्त्री सुरू झाली
की मुकादम तिची अर्धी हजेरी कापायचा.
मुकादमाला समजावणं माझ्या आवाक्यात नव्हतं.
मशीनला समजावलं.”

आता कुठे असतात त्या?
“ती? पुरून बारा वर्षं झाली.”
मग, जरा थांबून,
“अजून थांबतं का गं ते?”
कालपर्यंत थांबत होतं, हे मी म्हणाले नाही.
हो म्हणाले.
पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.
मग नाक शिंकरल्याचा आवाज,
आणि कुणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं.

त्या रात्री चौकट परत ठेवली.
कारणांची यादी उघडली:
तांत्रिक, सुरक्षा, पुरवठादार, इतर.
इतर निवडलं की चाळीस अक्षरांची जागा मिळते.
लिहिलं: धुक्यामुळे बोटीला उशीर.
खोडलं. बोटीनं आता इथं कुणी येत नाही,
आणि खोटं लिहायचं तर निदान नीट लिहावं.
लिहिलं: ब्रोने.
सॉफ्टवेअर म्हणालं, किमान दहा अक्षरं हवीत.
लिहिलं: ब्रोने अजून यायची आहे.
हिरवं झालं. त्याला काय.

अहवालात बचत दाखवणं भाग होतं.
गाडीच्या चौकटीतून अकरा मिनिटं काढली,
तिथला ड्रायव्हर तसाही रोज लवकर येऊन
टायरवर बसून कोडी सोडवतो.

शेवटी त्यानं विचारलं,
दर वर्षी ही चौकट तपासणार कोण?
दांगुओलेचं नाव टाकलं.
कौनासची गाडी सव्वाचारची होती.
तिला सांगायचं राहून गेलं.