चेन

पतसंस्थेनं दिलेली रेक्झिनची बॅग
आठ महिने खिळ्याला लटकून होती.
वर चेअरमनचा फोटो, हात जोडलेला,
खाली घोषवाक्य; त्यातला 'विश्वास'
माझ्याच कमरेला घासून घासून
नुसता 'वास' उरलेला.
आज ब्लेडनं तिची चेन उसवून काढली.
चेन चांगली होती. तिची काय चूक?

चौदा वर्षं पिग्मी गोळा केली मी विट्यात.
वड्याच्या गाड्यावर दहा,
पंक्चरवाल्या सर्जेरावांकडं वीस,
नाक्यावरच्या रसवंतीत, हंगाम असला तर, पन्नास.
चर्र उघड, पावती फाड, चर्र बंद.
दिवसातून साठ-सत्तर वेळा.
तिचा एक दात पडला नाही.
माझे दोन पडले.

कापड जैबूनभाभीनं दिलं,
मागावरचा सेकंडचा तुकडा,
काठाजवळ एक धागा चुकलेला.
"पयल्यांदा शिवतीस, चांगलं कशाला नासवायचं?"
मशीनही तिचंच, पायाचं.
शिवाय एक सूचना दिली,
ती मी ऐकली नाही.

अस्तराला पोराचा दहावीचा शर्ट,
खिशाखाली शाईचा डाग असलेला.
डाग आत जाईल, म्हटलं, कोण बघतंय.

सुलट बाजू सुलटीला लावायची,
म्हणजे जे दिसायला हवं
ते शिवताना दिसतच नाही.
हिशेबात मी पक्की,
पण इथं तीनदा उसवलं.
चौथ्यांदा सुई रनरवर आपटली, टोक उडालं.
फ्रीजवरचा चुंबकाचा गणपती काढून
अर्धा तास फरशीवरनं फिरवला.
टोक पायदानात सापडलं.
मागच्या आळीत माग चालू होते,
खटखट, खटखट, एका दमात हजार फेऱ्या,
आणि माझी वीतभर शीव
मधेच बायपासला लागल्यासारखी.

साडेदहाला तिन्ही बाजू बंद केल्या.
दोरा तोडला. उलटवायला घेतलं
आणि तेव्हा भाभीचं बोलणं कानात आलं:
बाजू शिवायच्या आधी
चेन अर्धी उघडी ठेव.

चेन मिटलेली.
शर्ट बाहेर, डाग बाहेर, दोरे सगळे बाहेर,
आणि ओढायची कडी आत.

त्या सोमवारी संस्थेचं शटर असंच होतं.
रस्त्यावर आम्ही सगळे, पासबुकं घेऊन,
कोण मला बघतंय, कोण मुद्दाम बघत नाही.
आतनं कुणीतरी खोकलं होतं,
एवढं मी आजही शपथेवर सांगेन.

उसवायचं नाही, ठरवलं.
कापडावरनंच चाचपत गेले,
जशी अंधारात बटणं सापडतात तशी.
कडी चिमटीत आली, निसटली,
आली, दोन दात सरकली,
पुन्हा निसटली.
अंगठ्याच्या नखाखाली दुखायला लागलं.
मग एकदम, चर्र,
करंगळी जाईल एवढं तोंड.

कोपरे बॉलपेननं बाहेर काढले.
तीन निघाले. चौथा उंदरानं खाल्ल्यासारखा
आत ओढूनच राहिला.
चेनीच्या टोकाशी फुगवटा,
आणि चुकलेला धागा बरोबर मधोमध आलेला.
भाभीनं सकाळी उलटीपालटी करून बघितली.
"पाऊच हाय," म्हणाली.
एवढंच म्हणाली.

त्यात आता अवसायकाकडचे फॉर्म असतात,
चार घड्या घातलेले,
शाई सुकत आलेला स्टँप पॅड, एक पेन,
आणि ज्यांच्या ज्यांच्या सह्या घ्यायच्यात
त्यांची यादी, एकशे सात नावं.
पैसे मिळतील का, विचारतात.
माहीत नाही, म्हणते. सही करा.

सर्जेराव टायर पाण्यात बुडवून
बुडबुडे बघत बसले होते.
मी मागं जाऊन उभी राहिले,
हाक मारली नाही,
नुसती चेन ओढली.
त्यांनी मान वर केली नाही.
ओला हात पँटला पुसला
आणि शर्टाच्या खिशाकडं नेला,
विसाच्या नोटेसाठी.

मग अर्ध्यात थांबला तो हात.
आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो.