नमुना ड

ग्रामसेवक विचारते, लग्न कोणी लावलं?
रकाना कोरा चालत नाही म्हणते.

तीन साक्षीदार जमले, तिकीट डकवलं,
अन् एकतीस वर्षांनी आम्ही पुन्हा
माह्या माहेरी,
ठमके बौद्धाचार्यांच्या ओट्यावर.
तेव्हा भोंगा बंद पडला तरी
त्यांचा आवाज नाल्यापार जाये.
आता कानात यंत्र,
पेन धरला की हात कापते.

"नाव सांग, बाई."
सांगितलं.
"हे नाही. त्या दिवशीचं."

ते ना रेशनकार्डावर, ना आधारवर.
माय गेल्यापासून
कोणी त्या नावानं हाक मारली नव्हती.
मी तोंड उघडायच्या आत
त्यांनीच लिहिलं: पंचफुला.

सही रेघेबाहेर गेली.
मग हळूच यांच्याकडे वळून,
"अकरा रुपये राह्यले तुमच्याकडे, जावई."