बर्फाचा खर्च

मला कुत्री आवडत नाहीत, हे मी पहिल्याच सभेत सांगून टाकलं.
शम्सा म्हणाली, उत्तम.
आवडणारे पुष्कळ आहेत आमच्याकडे,
बेरीज येणारा कोणी नाही.
असा मी विश्वस्त झालो
सोहारच्या बाहेर, तव्यासारख्या माळावर,
पत्र्याच्या शेडमधल्या एकसष्ट कुत्र्यांचा,
चाळीसेक मांजरांचा, आणि एका गाढवाचा
ज्याचा डावा कान कुठल्याच नोंदीत नाही.

महिन्यातून एक शुक्रवार.
पाण्याचा टँकर, लशी, विजेचं बिल,
मोइराने आणलेला केक, आणि माझी लाल पेन्सिल.
जूनच्या पानावर ती अडली:
बर्फ, अडतीस रियाल.
हे काय? लग्न आहे का कोणाचं?
कोणी हसलं नाही.
रफिकुल म्हणाला, साहेब, दुपारी दोनला या.

दोनला गेलो.
त्या वेळी तिथे सावलीसुद्धा घरात बसते.
रफिकुलने लादी फोडली नाही, तशीच आत सरकवली.
एक म्हातारी कुत्री, पंजे डांबराने सोललेले,
आली, हुंगलं, आणि बर्फावर हनुवटी टेकली,
दिवसभर रांगेत उभ्या माणसाने
शेवटी खिडकीशी पोचून कोपर टेकावं तशी.

जुलैचा बर्फ: एक्कावन्न रियाल. मंजूर.
म्हणून काही प्रेमबिम जडलं असं नाही.
पँटला केस चिकटतात. शिंका येतात.

नोंदवहीत एक रकाना आहे: आणण्याचं कारण.
बहुतेक ओळी सारख्याच.
मालक मायदेशी गेले. मालक मायदेशी गेले.
बंगल्याच्या फाटकाला बांधलेलं, शेजारी वाडगं,
वाडग्यात पाण्याची नुसती रेघ.
लिहिताना मी टोक मोडायचो.
गेल्या ऑगस्टात मीच ठराव मांडला, सहावा:
जागा संपली, नवीन कोणी घ्यायचं नाही.
अपवाद नाही. विश्वस्तांनाही नाही.
'विश्वस्तांनाही' हा शब्द माझा.
मोइरा रडली. मी हात वर केला,
आणि दुसऱ्या हाताने मोजले:
चार विरुद्ध दोन.

आता मार्च आहे.
बंदरातल्या आमच्या कंपनीने स्टोअर्स विभाग
कोणा दुसऱ्याच्या पदरात टाकला
आणि मला एक पत्र दिलं, सभ्य, दोन परिच्छेदांचं.
साठ दिवस.
वैजयंतीने खोकी आणली आहेत.
पहिल्याच खोक्यात, भांड्यांच्या आधी, जाऊन बसली
ती, जिला आम्ही घेतलेलंच नाही कधी,
जी पहिल्या हिवाळ्यात, शेडमध्ये जागा होईपर्यंत,
फक्त आठ दिवसांसाठी आली होती.
नाव ठेवलं नाही.
'अगं' म्हणतो. येते.

न्यायचं तर तपासणी, परवाना, पिंजरा, विमान.
एवढीच रक्कम लोकांच्या मांजरांसाठी
मी दोनदा मंजूर केली आहे.
हिशेबाच्या शेवटच्या कागदामागे बेरीज मांडली,
परत मांडली.
तीच आली.

काल माझी शेवटची सभा.
विषय पहिला: खजिनदाराचा राजीनामा.
सगळे उठल्यावर शम्साने नोंदवही माझ्याकडे सरकवली,
पान उघडं.
मी सहाव्या ठरावाची आठवण दिली.
ती म्हणाली, तुझं अक्षर मला कधी लागलंच नाही.

नाव: कोरं.
वय: अंदाजे तीन.
रंग: राखाडी, एक पंजा पांढरा.
कारण.

बर्फाचे महिने अजून लांब होते,
तरी रफिकुल ग्लास घेऊन आला, पाण्यात दोन खडे.
मी पावती विचारली नाही.
खडे विरेपर्यंत पेन टेकवून बसलो,
कागदावर शाईचा ठिपका पसरत गेला.
मग घरी फोन लावला.
अगं, म्हणालो, आणि पुढचं सुचेना.
वैजयंती म्हणाली,
कोण? मी का ती?